पद्मिनीच्या पुंगळ्या

भूकंपानंतर जपानमधल्या सेंदाईच्या दक्षिणेकडची डोंगरातली गावं ओस पडत गेली. शेतं पडीक झाली आणि रानडुकरं खाली उतरली. पद्मिनी आणि तिचा नवरा सदानंद यांनी तिथे बटाट्याचा एक तुकडा खंडाने घेतला होता. पहिल्याच वर्षी डुकरांनी तो उलटापालटा करून टाकला. विद्यापीठात संशोधन करणाऱ्या सदानंदने हात झटकले. पद्मिनीने गावच्या शिकारी मंडळात नाव घातलं.

मंडळाची पद्धत ठरलेली. काहींनी कुत्री घेऊन डोंगरातून जनावर उठवायचं, बाकीच्यांनी जनावराच्या वाटांवर बंदूक घेऊन उभं राहायचं. त्या जागेला तात्सुमा म्हणतात. पद्मिनीच्या वाट्याला कायम हाकारा. छऱ्याच्या बंदुकीवर दहा वर्षं काढल्याशिवाय तिथे रायफल मिळत नाही. ती दहा वर्षं तिने बांबूच्या रानात ओरडून काढली. शेवटी रायफल हातात आली. मंडळाचे म्होरके किकुचि-सान म्हणाले, "आधी चांदमारीच्या मैदानावर दाखवा. मग तात्सुमा देतो."

तिच्या रायफलीची तयार काडतुसं दुकानात येईनाशी झाली होती. तिने घरी काडतुसं भरायची परवानगी काढली, पुंगळ्या दाबायचा एक हलका प्रेस आणला, आणि मंडळातल्या त्याच मापाच्या रायफलींतून उडालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गोळा केल्या. पितळ दिसलं की चिंच, हे तिच्या हाताला माहीत. तिने पुंगळ्या चिंचेच्या कोळात घासल्या, धुतल्या, वाळवल्या.

"नैवेद्य कधी?" सदानंदने विचारलं.

"आधी बादली रिकामी कर. मग देवाचं बघू."

मंडळातले जुने आबे-सान म्हणाले होते की पुंगळीचं तोंड आवळणारी डाय, म्हणजे प्रेसमध्ये बसणारा साचा, पुरते. तिने तीच घेतली. काडतुसं भरली आणि मैदानावर गेली.

पहिलं काडतूस घातलं. काडतूस आत ढकलणारा रायफलीचा बोल्ट अर्ध्यावर अडला. तिने जोर केला नाही. काडतूस काढलं, दुसरं घातलं. ते बसलं. तिसरं पुन्हा अडलं.

"चकचकीत मात्र आहेत हं," मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

किकुचि-सान हसले नाहीत. "डुक्कर थांबून वाट बघत नाही, पद्मिनी-सान. हंगामाच्या आदल्या रविवारी परत या. तेव्हाही अडलं तर यंदा कुत्र्यांबरोबरच."

घरी येऊन तिने काडतुसं मोकळी केली. आबे-सानचं खोटं नव्हतं, पण ते स्वतःच्याच रायफलीच्या पुंगळ्या वापरत. गोळी सुटताना पुंगळी फुगते, आणि ज्या रायफलीत फुगली तिच्या चेंबरचं, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीचं, माप घेते. पद्मिनीकडे पाच-सहा जणांच्या रायफलींची मापं जमली होती. तोंड आवळून पोट कसं उतरणार? तिने अख्खी पुंगळी दाबणारी डाय मागवली. आटे प्रेसला बसले. पुंगळीचा बुडखा पकडणारी कडी बसली. सगळं जुळलं. तरी दाबून काढलेल्या निम्म्या पुंगळ्या रायफलीत अडल्याच.

"डाय खराब असेल. परत कर," सदानंद म्हणाला.

"प्रेस रिकामा दाबला की डाय कडीला पुरती टेकते. मी पाहिलंय."

"मग?"

"पुंगळी घालून कुठे पाहिलंय? बॅटरी आण. मागून धर."

तिने पुंगळी घातली आणि प्रेसचा दांडा खाली दाबला, पार शेवटपर्यंत. डाय आणि कडी यांच्यामधून उजेड आला.

"दिसला?"

"केसाएवढा."

"तेवढ्यालाच बोल्ट अडतो."

प्रेस एका बाजूने उघडा, कंसाच्या आकाराचा. जोर आला की तो जबडा वासायचा. तिने डाय आणखी खाली फिरवली. दांडा जड झाला, जबडा तेवढाच जास्त वासला. उजेड गेला नाही.

तिने जुन्या मालाच्या दुकानातून बिडाचा प्रेस आणला. दोन्ही बाजूंनी बंद, दोन हातांनी उचलावा लागेल असा. टेबलाला नटबोल्टने आवळला तर टेबलच डुगडुगायला लागलं.

"चढ वर," ती म्हणाली.

"कुठे?"

"टेबलावर. वजन हवंय."

"पीएचडी केली ती यासाठी," म्हणत सदानंद चढून बसला. तिने दांडा दाबला. या वेळी उजेड नव्हता. मग तिने टेबलाखाली जाड फळी ठोकली आणि नवऱ्याला उतरवलं.

पुढचं काम सरळ होतं, सोपं नव्हतं. पुंगळीला पातळ वंगण लावायचं. जास्त लागलं तर पुंगळीच्या खांद्याला पोचा येतो, कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये रुतते. दाबायची, पुसायची, रिकामीच रायफलीत घालून बोल्ट लावून पाहायचा. एकाही पुंगळीला तिने सूट दिली नाही. दंड भरून आले. सगळ्या बसल्या, तेव्हाच तिने भरायला घेतल्या.

मैदानावर किकुचि-सान तिच्या शेजारी उभे राहिले. बोल्ट लागला, सुटला, पुन्हा लागला. एकदाही थबकला नाही. किकुचि-सान एवढंच म्हणाले, "ओढ्याची वाट तुमची."

हंगामाच्या पहिल्या शिकारीत कुत्री वर भुंकली आणि भुंकणं ओढ्याकडे वळलं. डुक्कर झुडपातून आडवं निघालं, मोठं, सुसाट. पहिली गोळी त्याच्या मागे मातीत गेली. पद्मिनीने नजर न हलवता बोल्ट ओढला आणि ढकलला. तो लोण्यासारखा बंद झाला. दुसरी गोळी खांद्यामागे बसली. डुक्कर दोन उड्या मारून पाण्याच्या कडेला कोसळलं.

वायरलेस खरखरला. "काय झालं?"

"पडलं," पद्मिनी म्हणाली.

वरून माणसं आली. किकुचि-साननी जनावर पाहिलं, दोर मागवला. सवयीने पद्मिनी दोराकडे गेली, तसा त्यांनी हात आडवा धरला. ज्याची गोळी, त्याने ओढायचं नाही, ही मंडळाची रीत. दहा वर्षं तिने इतरांची डुकरं ओढली होती.

"पुढच्या रविवारी?" तिने विचारलं.

"इथेच."

बाकीचे दोर खांद्यावर घेऊन चढाला लागले. पद्मिनीने रायफल मोकळी केली, खांद्याला अडकवली आणि त्यांच्या पुढे चालू लागली.