शाईचा चौकोन

कुकटपल्लीच्या मेन रोडवर एका कंपनीचं प्रिंटर दुरुस्तीचं केंद्र आहे. तिथल्या तीन नंबरच्या टेबलामागे आदर्श वाघमारे अकरा वर्षं बसतोय. वडील नांदेडकडून पोटासाठी हैदराबादला आले, मुलानं आयटीआय केलं, गळ्यात कंपनीचा बिल्ला आला. अंबरपेठेत नातेवाईक अजून कौतुकानं त्याचं नाव काढतात. आता काम काय करतो म्हणाल, तर प्रिंटर उघडतो, कार्ट्रिज बाहेर काढतो आणि ती ओरिजिनल नाही असं सांगतो.

तपासणीचा फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचा असतो. त्यात सगळ्यात वरचा चौकोन शाईचा. ‘ओरिजिनल’ म्हटलं तर खालचे चौकोन उघडतात आणि वॉरंटीत फुकट दुरुस्ती होते. ‘लोकल’ म्हटलं की फॉर्म तिथंच मिटतो. मग आत काहीही मोडलेलं असो, दोष शाईचा. ही अक्कल कुणी चालवली कोण जाणे. पहिल्या वर्षी आदर्श यावरून साहेबांशी तावातावानं भांडला होता, मेमोही खाल्ला होता. पुढं भांडण सुटलं, नोकरी राहिली. त्याच्या घरच्या प्रिंटरमध्ये मात्र चार वर्षं लोकलच शाई आहे, आणि तो प्रिंटर कधी कुरकुरलेला नाही.

मंगळवारी दुपारी तारामतीबाई आल्या. पन्नाशीच्या बाई, मलकपेठेहून मेट्रोनं, प्रिंटर बाजाराच्या पिशवीत. टेबलावर ठेवता ठेवता त्यांची नजर बिल्ल्यावर गेली आणि चेहरा खुलला.

“वाघमारे? जय भीम, भाऊ! मराठवाड्याकडचे का?”

“जय भीम. वडील तिकडचे,” आदर्श म्हणाला. “काय झालं प्रिंटरला?”

“कागदच ओढंना गेलाय बघा. कॉलेजसमोर टेबल टाकते मी, पोरायचे हॉल टिकट, फॉर्म काढून देते. सोमवारपासून परीक्षा हाय. वॉरंटी अजून पाच महिने हाय. फुकटात झालं तर ठीक, नाही तर टेबलच बंद करावं लागतंय.”

“शाई कोणती टाकली?”

“लोकल. ओरिजिनलचा एक सेट म्हणजे अर्धा प्रिंटर की हो! दुकानवाला बोला, कुछ नै होता अम्मा, डालो.”

दुकानवाला खोटं बोलला नव्हता. आदर्शनं झाकण उघडलं. शाईची बाजू स्वच्छ होती. कागद ओढणाऱ्या प्लास्टिकच्या चाकाचे दात झडले होते. याच मॉडेलचा हा त्या महिन्यातला सातवा प्रिंटर. चाकच कच्चं, शाईचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

खणात तपासणीसाठी ठेवलेली ओरिजिनल कार्ट्रिज होती. ती बसवायची, फोटो काढायचा, वरचा चौकोन भरायचा. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि साहेब जेवायला गेलेले. आदर्शनं खण उघडला. ओरिजिनल आणि लोकल, दोन्ही कार्ट्रिज टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. आता छाती धडधडेल असं त्याला वाटलं. धडधडली नाही. बाईंची दयाही आली नाही. यायला हवी, एवढं फक्त कळत होतं, जसं भूल दिलेल्या दाताला डॉक्टरचा हात लागलेला कळतो. त्यानं ओरिजिनल कार्ट्रिज खणात परत टाकली आणि ‘लोकल’वर बोट दाबलं.

“शाईमुळं झालंय, ताई. वॉरंटीत नाही होणार.”

तारामतीबाई हळू आवाजात म्हणाल्या, “माझंच चुकलं म्हणायचं. खरं सांगा भाऊ, ओरिजिनलच टाकायला पायजे होती ना?”

“हो,” आदर्श म्हणाला. शब्द कुठंही अडखळला नाही.

बाईंनी पदरानं प्रिंटरवरची धूळ पुसली, तो पिशवीत घातला आणि पिशवी उचलून पोटाशी धरली.

“दुसरं कोणी असतं तर भांडले असते मी,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आपले. तुम्ही कशाला खोटं सांगाल?”

आदर्शनं मान हलवली आणि पुढचा नंबर पुकारला.