कादंबरीचा उत्तरार्ध

भाच्याचा फोन परभणीला आमच्या शेजाऱ्यांकडे आला. "आत्या, आई गेली..." एवढंच तो बोलला. महिना होत आला, पण अजून माहेरी जायला पूर्णेच्या गाडीत बसले की वहिनीच वाट बघत असेल असं वाटतं.

कुसुमवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. बाईला कादंबऱ्यांचं भारी वेड! मला नव्हतं, मी आपली सिनेमावाली. तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, म्हणून दर गुरुवारी दुपारी वाचनालयात तिच्या सोबतीला जावं लागे. नवी कादंबरी आली की अख्ख्या गावाच्या तिच्यावर उड्या पडत. आमचे ग्रंथपाल काका म्हणूनच जाडजूड कादंबरी उसवून तिचे दोन भाग वेगवेगळे बांधून घेत. एका घरात पूर्वार्ध, दुसऱ्या घरात उत्तरार्ध, आणि सगळ्यांची वाट बघणं निम्मं! वहिनीच्या पुढं नंबर असायचा सुशीलाबाईंचा. या रेल्वे क्वार्टरमधल्या, शाळेत शिकवायच्या. त्या आधी वाचत आणि भाग थेट वहिनीच्या हातात देत. मग बाकावर बसून दोघींची खुसखुस. "शेवट सांगाल तर बघा, बोलणार न्हाई मी!" वहिनी दटावायची, आणि सुशीलाबाई तोंडावर पदर धरून हसायच्या. माहेर सोडून आलेल्या वहिनीला गावात मैत्रीण म्हणून ती एकच.

मग विद्यापीठाच्या नामांतराचं पेटलं. सुशीलाबाई बौद्ध. कालपर्यंत रामराम घालणारी माणसं त्यांच्या क्वार्टरकडं बघेनाशी झाली. दादानं फर्मान काढलं, "वाचनालय बंद. अन् त्या बाईशी बोलणंबी बंद." वहिनीकडं तेव्हा एका नव्या कादंबरीचा पूर्वार्ध होता. तो वाचून संपला, तरी ती उशाशी घेऊन निजायची.

एका सकाळी आम्ही दोघी स्वयंपाकघरात पोळ्या करत होतो. ओसरीवर सुशीलाबाईंचा आवाज आला, "कुसुमताई हायत का? आमची बदली झालीय, आज निघायलोत. म्हटलं पुस्तकाचा उत्तरार्ध त्यांच्याच हातात द्यावा."

"न्हाईत. माहेरी गेल्यात," दादा म्हणाला.

मला दादाचा लय संताप आला. वहिनी उठली, दारापर्यंत गेली, चौकट धरून उभी राहिली... आणि परत येऊन लाटायला बसली. बाहेर सुशीलाबाई म्हणाल्या, "बरं. मग वाचनालयात ठेवते. आल्या की सांगा त्यांना." तव्यावरची पोळी करपली, तो वास त्यांना ओसरीवर आला नसेल का? आत कोण आहे हे त्यांना कळलं नसेल का? वहिनीला जन्मभर हेच टोचत राहिलं.

पुढं दादा निवळला, वाचनालयही सुरू झालं. वहिनीनं नव्या नव्या कादंबऱ्या आणल्या, पण तो उत्तरार्ध कधी आणला नाही. यंदा विद्यापीठाला नाव दिल्याची बातमी रेडिओवर लागली, तेव्हा ती अंथरुणालाच खिळली होती. ऐकून पदरानं डोळे पुसत राहिली. मी म्हटलं, "वहिनी, आणू का आता ते पुस्तक?"

"नको, वन्सं. तिला घरात घेतलं न्हाई, तिचं पुस्तक कोणत्या तोंडानं घेऊ?"

हे बोलली तेव्हा दादा उंबऱ्यात उभा होता.

परवा मी गेले, तर दादा स्वयंपाकघरात पाटावर बसलेला. जन्मात कादंबरीला हात न लावलेला माणूस, स्वतः जाऊन तो उत्तरार्ध घेऊन आला होता. पूर्वार्ध म्हणे कधीच फाटून बाद झाला. "वाच," म्हणाला, "मोठ्यानं वाच." मी चष्मा लावून दोन पानं वाचली, त्यातली बाई रडत होती. दादानं मान वर केली.

"ही रडायली कशापायी? आधी काय झालतं?"

मला काय ठाऊक? मी पुढं वाचत राहिले.