एकशे अकरा नंबरची मोटार

बत्तीस वर्षांच्या नोकरीतली बहुतेक प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणत्या घरफोडीत पंच कोण होता, असं विचारलं तर सांगता यायचं नाही. हे एक प्रकरण मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवतं, आणि आठवलं की बरं वाटत नाही. नावं कुणाचीच देत नाही. त्यातली काही माणसं अजून हयात आहेत, आणि जी नाहीत त्यांच्या घरी मुलंबाळं आहेत.

महायुद्ध चालू होतं. भोर तेव्हा संस्थान होतं आणि मी तिथे फौजदार होतो. वेल्ह्याकडचं खोरंही माझ्याच हद्दीत यायचं. मोटारी फार थोड्या होत्या. नवी गाडी आली की तिला ओळीनं पुढचा नंबर मिळायचा. नंबर इंग्रजी आकड्यांत, काळ्या पाटीवर पांढऱ्या रंगानं लिहिलेला असे.

भोरात तीन भाऊ होते. लाकूड-कोळशाचे मोठे ठेकेदार. खोऱ्यातल्या जंगलात त्यांच्या कोळशाच्या भट्ट्या चालत. त्यांनी मोटार घेतली तेव्हा थोरल्यानं अर्ज केला की, आम्ही तिघे भाऊ एकत्र आहोत, तिघांचे तीन एक, तरी एकशे अकरा हा नंबर मिळावा. ओळीनं तो नंबर यायला कितीतरी वर्षं लागली असती. पण अर्ज मंजूर झाला. कुणी केला, ते मी विचारलं नाही.

ठाण्यात त्यावर बोलणं झालं. आमचे कारकून म्हणाले, "झालं काय त्यात? गाडी ओळखण्याशी काम. उलट हा नंबर कुणी विसरणार नाही."

जमादार वयानं माझ्यापेक्षा मोठे, हाडाचे शेतकरी. त्यांना ते पटलं नाही. "साहेब, नंबर सरकारनं द्यायचा आसतो. मानसानं मागून घेतला की त्यो नंबर न्हाई ऱ्हात, बिल्ला हुतो. लोकं पाटी बगूनच वाट सोडतील."

मी हसलो. माझ्या मते ती निव्वळ हौस होती. कुणी घोड्याला गोंडे लावतो, कुणी गाडीला नंबर.

पुढच्या मार्गशीर्षात एका दुपारी गुंजवण्याच्या बाजूचे एक पोलीस पाटील घामाघूम होऊन ठाण्यात आले. रस्त्यावर मोटारीखाली बाई मेली होती आणि मोटार पळून गेली होती. मी, जमादार आणि दोन शिपाई निघालो. पोहोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं.

बाई तिशीच्या आतली, शेतकरी कुटुंबातली. सासूबरोबर सरपणाची मोळी घेऊन वेल्ह्याच्या बाजारला निघाली होती. वळणावर मागून मोटार आली. सासू कडेला होती ती वाचली. सून चाकाखाली आली.

पंचनामा सुरू केला. धुरळ्यात चाकांच्या खुणा स्वच्छ उमटल्या होत्या. गाडी पुढे जाऊन थांबली होती, मागे-पुढे होऊन वळली होती आणि आली तशी भोरच्या दिशेला गेली होती. दिव्याच्या काचेचे तुकडे पडले होते. मला एक गोष्ट समजेना. प्रेत रस्त्याच्या मधोमध होतं आणि मोळी मात्र दहा पावलांवर, बांधाला नीट टेकवून ठेवलेली.

"मोळी कुणी उचलली?" मी विचारलं.

सासू प्रेताच्या पायाशी बसली होती. रडत नव्हती. म्हणाली, "त्येनंच."

"कुणी?"

"मोटारवाल्यानं. गाडी थांबली, त्यो उतरला. मला वाटलं, पोरीला उचलतोय. ती जित्ती व्हती साहेब, पानी मागत व्हती. त्येनं मोळी उचलली, कडंला ठिवली. गाडी वळवाया आडवी येत व्हती न्हवं का ती. मग तिच्याकडं बगितलं आनि गेला निगून."

"माणूस ओळखाल?"

"डोळ्याला कमी दिसतंय. पायात बूट व्हतं, येवडं दिसलं. पर गाडीच्या मागं तीन काठ्या व्हत्या. उभ्या. धवळ्या."

म्हातारीला अक्षरओळख नव्हती. मी काठीनं धुरळ्यात चार-पाच नंबर काढले. चौऱ्याऐंशी काढला, सतरा काढला, एकशे अकरा काढला. तिनं उठून एकशे अकरावर बोट ठेवलं. जमादारांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. पंचांपैकी एकाला तर म्हातारीनं बोट ठेवायच्या आधीच गाडी कोणाची ते कळलं होतं. पण सही करायची वेळ आली तेव्हा तो दुसऱ्या पंचाच्या मागे जाऊन उभा राहिला.

प्रेत बैलगाडीतून भोरला नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "लगेच मेलेली नाही. दोनेक तास तरी जिवंत असावी. त्याच मोटारीत घालून आणली असती तर वाचली असती असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण वाचली नसतीच असंही म्हणणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदारांच्या घरी जाण्यासाठी मी टोपी चढवतो आहे, तोच त्यांचा ड्रायव्हर ठाण्यात हजर झाला. उत्रोलीचा, चाळिशीचा, शांत माणूस. बरोबर घरचा मुनीम होता. ड्रायव्हरनं हात जोडून सांगितलं, "गाडी म्या चालवत हुतो. बाई एकदम आडवी आली. घाबरलो आनि पळालो. मला आत घ्या."

काम सोपं झालं असं कुणालाही वाटलं असतं. पण इतक्या वर्षांत मी एक पाहिलं आहे. गुन्हा केलेला माणूस ठाण्यात येतो तेव्हा त्याला किती सांगायचं आणि किती नाही, याचा हिशेब त्याच्या डोळ्यांत चाललेला असतो. ह्याच्या डोळ्यांत काहीच नव्हतं. तो पाठ केलेलं म्हणत होता.

मुनिमाला बाहेर बसवलं. ड्रायव्हरला पाणी दिलं आणि सरळ विचारत गेलो.

"गाडी थांबवलीस?"

"न्हाई साहेब. तशीच हाकली."

"मग मोळी कुणी उचलली?"

"कंची मोळी?"

मी म्हातारीचा जबाब उघडला आणि सावकाश वाचून दाखवला. सून जिवंत होती, पाणी मागत होती, इथपर्यंत त्यानं मान खाली घालून ऐकलं. मोळी कडेला ठेवल्याचं वाक्य आलं तेव्हा त्यानं मान वर केली.

"मोळी उचलली? आनि बाईला तसंच टाकलं?"

मी जबाबाचा कागद मिटला.

"मला म्हनाले, बाई जागच्या जागी गेली. काय करन्याजोगं ऱ्हायलंच नव्हतं म्हनाले." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "न्हाई साहेब. त्यो म्या न्हवं. जलमभर ते माज्या नावावर नगं. म्या काल उत्रोलीत भात झोडत हुतो. सगळ्या गावानं बगितलंय."

आपला म्हणून कबूल केलेला गुन्हा माणूस पहिल्यांदाच ऐकतो आहे, असा प्रसंग नोकरीत मला पुन्हा आला नाही. जमादार त्याच तासाला उत्रोलीला गेले. पोलीस पाटलानं आणि खळ्यावरच्या चौघांनी ड्रायव्हर दिवसभर तिथेच होता असं सांगितलं.

ठेकेदारांच्या घरी मी गेलो तेव्हा मोटार धुऊन उभी केलेली होती. पुढचा एक दिवा फुटलेला आणि मडगार्ड चेपलेलं होतं. पाटी स्वच्छ पुसलेली होती. थोरल्यांनी मला बसायला सांगितलं. मी उभाच राहिलो.

ते म्हणाले, "फौजदारसाहेब, ड्रायव्हर कबूल झालाय ना? साधा नंबर असता तर त्या म्हातारीला गाडी सांगता तरी आली असती का? आमचा नंबरच आम्हाला भोवला."

"ड्रायव्हर उत्रोलीत होता. मोटार घेऊन कोण गेलं होतं?"

मधले भाऊ दाराआड उभे होते ते आत गेले. धाकटा ओसरीवर बसला होता. पंचविशीचा, पायात पॉलिश केलेले बूट. मी म्हातारीनं सांगितलेलं सगळं थोरल्यांना तिथेच ऐकवलं. त्यांना त्यातलं निम्मंसुद्धा ठाऊक नव्हतं, हे मला त्यांच्या तोंडाकडे पाहून कळलं. धाकट्यानं त्यांनाही तेवढंच सांगितलं होतं, जेवढं त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं.

ते धाकट्याकडे वळले. "मोळी तू उचललीस?"

धाकट्यानं बुटाची नाडी घट्ट केली.

"अरे, मी विचारतोय. मोळी उचललीस तू?"

"गाडी वळवायची होती," धाकटा म्हणाला. "दादा, कपडे रक्तानं भरले असते. गाडीसुद्धा."

थोरले खाली बसले. त्याच्याकडे न पाहता मला म्हणाले, "घेऊन जा त्याला."

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, म्हणून मी त्याला सरळ मॅजिस्ट्रेटांपुढे उभा केला. तिथेही त्यानं लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आपण केलं आहे, असंच त्याला वाटत नव्हतं.

आता राहिला नाका. खोऱ्याच्या तोंडाशी जंगलनाका होता. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक मोटारीचा नंबर, चालवणाऱ्याचं नाव आणि वेळ वहीत लिहायचा नियम होता. त्या दिवशीच्या पानावर एकशे अकराची नोंद नव्हती, जाताना नाही आणि येतानाही नाही. नाक्यावर आमच्याच खात्याचा शिपाई होता, शिवऱ्याचा, सहा-सात वर्षं नोकरी झालेला. मी त्याला एकट्याला बोलावलं.

"गाडी परत आली तेव्हा दिवा फुटला होता. मडगार्ड चेपलं होतं. तू पाहिलं नाहीस?"

"पाटी दिसली साहेब. दांडा उचलला, सलाम केला."

"थांबवून आत का पाहिलं नाहीस?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तुमीच सांगितलं व्हतं."

त्यानं खरं सांगितलं होतं. दोन महिन्यांपूर्वी ह्या शिपायानं तीच मोटार अडवून धाकट्याला लायसन विचारलं होतं. लायसन नव्हतंच. ठेकेदारांच्या घरून माझ्याकडे तक्रार आली. मी नाक्यावर गेलो आणि शिपायाला सगळ्यांसमोर झापलं. नंबर कळत नाही का, ही गाडी पुन्हा थांबवायची नाही, असं बजावून आलो. त्यात मला कुणी काही दिलं-घेतलं नव्हतं. मोठ्या घराशी वाकडं कशाला, एवढाच विचार होता.

गाडी नाक्यावर परत आली तेव्हा ती बाई जिवंत होती. शिपायानं अडवली असती, फुटलेला दिवा पाहून विचारलं असतं, तर तासाभरात तिच्याजवळ कुणीतरी पोहोचलं असतं.

शिपायाचा जबाब मी स्वतः लिहून घेतला. गाडी आली, पाटी पाहिली, दांडा उचलला, नोंद केली नाही, एवढं लिहिलं. का केली नाही, ते लिहिलं नाही. मी समोर उभा राहिलो, कारकुनानं त्याला जबाब वाचून दाखवला आणि त्यानं खाली सही केली.

धाकट्याला दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. अपिलात ती कमी झाली. ड्रायव्हरला सोडून दिलं. नंबर परत घेतला गेला आणि मोटारीला ओळीतला साधा नंबर मिळाला. कोर्टात वकिलानं म्हातारीला विचारलं, "तुम्हाला वाचता येत नाही, मग नंबर कसा सांगता?" ती म्हणाली, "वाचाया न्हाई येत. म्या सुनंकडं आनि त्या गाडीकडं बगत बसली व्हते, दुसरं काय करनार?" निकाल ऐकायला ती आली नाही. घरी दोन लहान नातवंडं होती.

नाक्यावरच्या शिपायाला कामात कसूर केली म्हणून बडतर्फ केलं. अहवालावर सही माझी होती.

पुढे संस्थान विलीन झालं, मी पुणे जिल्ह्यात आलो, बढत्या मिळाल्या. आता लोक मनाजोगता नंबर मिळावा म्हणून खटपट करतात. ओळखीतले कुणी कुणी मला विचारतात, तुमचं मत काय? नंबर मागणाऱ्यावर माझा राग नाही. थोरल्यांनी भावांच्या प्रेमापोटीच तो मागितला होता. पण पाटी असते ती गाडी कुणाचीही असली तरी तिला जाब विचारता यावा म्हणून. ज्या पाटीकडे पाहून जाब विचारायचा थांबतो ती गाडीवर नसलेली बरी. आणि तो थांबतो तेव्हा दोष पाटीचा नसतो, तो आम्हा खाकी कपडे घालणाऱ्यांचा असतो. हे मला त्या खटल्यानं शिकवलं, पण त्याची किंमत मी भरली नाही.

निवृत्त झाल्यावर एकदा मी शिवऱ्याला उतरलो. रस्त्याच्या कडेला त्या शिपायाचं चहाचं दुकान होतं. केस पिकले होते. मला पाहताच तो उठून उभा राहिला.

मी म्हणालो, "बस. त्या जबाबातून मी एक वाक्य गाळलं होतं. ते सांगायला आलोय."

"ठावं हाय साहेब. वाचून दावलं तवाच कळलं व्हतं."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

तो फडक्यानं बाकडं पुसत होता. पुसता पुसता म्हणाला, "तुमी म्होरं हुबं व्हता."

त्या जबाबात तेव्हा जे लिहायला हवं होतं, ते आज इथे लिहितो. एकशे अकरा नंबरची मोटार थांबवू नकोस, असा हुकूम त्या शिपायाला मी दिला होता.