कुंभार गल्लीची पाळी

रेवणसिद्ध अप्पा लातूरकडच्या एका नगरपरिषदेत एकतीस वर्षं व्हॉल्व्हमन होते. गावात चौसष्ट व्हॉल्व्ह. कोणता किती आटे फिरवला की कोणत्या गल्लीला पाणी चढतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर कुठंच नाही. अभियंते आले आणि बदलून गेले. अप्पांनी कुणाला सांगितलं नाही, कुणी नीट विचारलंही नाही.

धम्मप्रिया बिलोलीची. नांदेडला पत्रकारिता शिकली आणि जनसंपर्क सहाय्यक म्हणून इथं कंत्राटावर लागली. जिन्याखालची खोली, एक संगणक. साहेबांचे दौरे, घरपट्टीची शिबिरं, पाण्याच्या पाळ्या, सगळ्या बातम्या तिनं लिहायच्या आणि पेपरला, मोबाईलच्या ग्रुपवर पाठवायच्या. अप्पांचं तिच्याविषयी फार बरं मत नव्हतं. बसून केलेल्या कामाला ते काम म्हणत नसत. तिच्या दारावरून जाताना विचारायचे, "काय म्याडम, आज किती पाणी सोडलं?"

"तुम्ही सोडाल तेवढंच लिहिते, अप्पा," ती म्हणायची.

त्या फेब्रुवारीत पंपाची मोटार जळाली. आठव्या दिवशी येणारं पाणी लांबलं आणि पाळ्यांचा क्रम मोडला. एरवी बायका बोटांवर दिवस मोजतात, नगरपरिषदेच्या बातमीवर कुणी अडून नसतं. पण आता सगळं गाव मोबाईलकडं बघत होतं. धम्मप्रियानं बातमी टाकली, मंगळवारी सकाळी सहा वाजता प्रभाग नऊला पाणी. लोकांना सोपं जावं म्हणून खाली गल्ल्यांची नावंही जोडली.

चूक इथंच झाली. निवडणुकीसाठी प्रभाग नव्यानं पाडले होते. नव्या नकाशात कुंभार गल्ली नऊमध्ये गेली होती. जमिनीतले पाइप मात्र होते तिथंच होते. पाणीपुरवठ्याच्या लेखी नऊ म्हणजे जुना नऊ. कुंभार गल्लीचा व्हॉल्व्ह सहाच्या रांगेतला, तिची पाळी शुक्रवारी. नावं तिनं नकाशावरून उतरवली.

पाणी येणार म्हटलं की इकडं आदल्या दिवशी शिळं पाणी काढतात. गोधड्या धुवून घेतात, रांजण घासून पालथे घालतात. सोमवारी कुंभार गल्लीतल्या ऐंशी घरांनी तेच केलं. मंगळवारी नळ कोरडे.

दहाच्या सुमारास वीसेक बायका रिकाम्या घागरी घेऊन कचेरीच्या पायरीवर बसल्या. मुख्याधिकारी साहेबांनी अप्पांना आणि धम्मप्रियाला आत बोलावलं. साहेबांना दोन ओळी पाहिजे होत्या.

"लिहा. संबंधित कर्मचाऱ्याने व्हॉल्व्ह न उघडल्यामुळे गैरसोय झाली. त्याच्यावर कारवाई करण्यात येत आहे."

अप्पा दाराशी उभे होते. निवृत्तीला चार महिने राहिले होते. एकतीस वर्षांत एक ताकीद नाही, न सांगता एक खाडा नाही. आता जाता जाता हा डाग लागणार होता. त्यांना बोलायचं होतं, पण साहेबांपुढं त्यांची जीभ कधीच वळली नव्हती.

"साहेब, अप्पांनी व्हॉल्व्ह बरोबर उघडला," धम्मप्रिया म्हणाली. "गल्ल्यांची नावं मी जोडली. नकाशा बघून. कुणाला विचारलं नाही."

"तुमचं कंत्राट महिन्यावर आलंय. माहीत आहे ना?"

"माहीत आहे, साहेब. पण ही बातमी मला लिहिता येणार नाही."

साहेबांनी समोरचा कागद बाजूला सारला. अप्पांनी घसा खाकरला.

"साहेब, टाकीत चार फूट पाणी हाय. बाजाराचा व्हॉल्व्ह जरा आवळला तर कुंभार गल्लीला अर्धा तास देता येतंय."

"द्या," साहेब म्हणाले. मग धम्मप्रियाकडं वळून, "आणि तुम्ही लेखी खुलासा द्या."

तिनं नवी बातमी लिहिली. चूक जनसंपर्क कक्षाची, असं सरळ. ती पाठवली आणि अप्पांच्या सायकलमागं चालत कुंभार गल्लीत आली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिलंच दार सुमनबाईंचं. "तूच व्हय ती मोबाईलवाली? तुझ्या भरवशावर रांजणातलं पाणी म्हशीला पाजलं की गं म्या."

"चुकलं, मावशी. थोड्या वेळात पाणी येतंय, अर्धाच तास. आधी प्यायचं भरून घ्या."

"ह्या डावाला तरी खरं का?"

"अप्पा व्हॉल्व्हवर आहेत."

"अप्पा हाय म्हणून घागर लावते. तुझ्यासाठी न्हाई."

ऐंशी दारं. प्रत्येक दारी तेच सांगणं, तेच ऐकून घेणं. ऊन चढलं होतं. मागच्या बोळातली दोन घरं गल्लीतून दिसतही नाहीत. तिनं तीही सोडली नाहीत. अप्पा व्हॉल्व्हच्या चावीवर हात ठेवून बघत होते. नळाला धार लागली तेव्हा ती बोळातून बाहेर येत होती.

तिच्या फायलीत लेखी ताकीद गेली. कंत्राट वाढलं, पण सहाच महिन्यांसाठी. अप्पांचं सेवापुस्तक स्वच्छ राहिलं. घरी बायको म्हणाली, "पोरीला बोलवा, साडीचोळी करू." साडीचोळी झाली. पण अप्पांचं मन भरलं नाही. त्या पोरीनं आपल्यासाठी काय पणाला लावलं होतं, ते त्यांनी दाराशी उभं राहून बघितलं होतं.

पुढच्या रविवारी ते सकाळीच तिच्या भाड्याच्या खोलीवर गेले.

"वही घ्या. चपला नकोत, बूट घाला. चौसष्ट हायत."

सहा रविवार दोघं गाव फिरले. कोणता व्हॉल्व्ह, कुठल्या गल्ल्या, किती आटे, उन्हाळ्यात किती, पावसाळ्यात किती. अप्पा सांगत, ती लिहून घेई आणि मोठ्यानं वाचून दाखवी. एकही व्हॉल्व्ह त्यांनी लांबून दाखवला नाही. प्रत्येकाचं झाकण उचलायचं, चिखल काढायचा, चावी तिनं फिरवायची.

कुंभार गल्लीच्या व्हॉल्व्हशी तिनं चावी फिरवली आणि कंबर सरळ केली.

"किती आटे झाले?" अप्पांनी विचारलं.

"अकरा."

"साडेदहाच झाले. बंद करून पुन्हा उघडा."

धम्मप्रियानं कपाळ पुसलं आणि पुन्हा वाकली.