गणतीत आहेत, नावात नाहीत

इथे कतारला, दोहा शहरात गॅलरीतली धूळ सकाळी पुसली की संध्याकाळी पुन्हा तेवढीच साठते ना, तसे आमच्या ग्रुपचे किस्से साठलेत. आम्ही चारपाच मराठी माणसं शुक्रवारी सकाळी मेघनाच्या घरी पोह्यांना जमतो आणि लॅपटॉप उघडून पूर्वज शोधतो. जुन्या जनगणनेच्या नोंदी ऑनलाइन मिळतात असं कुणीतरी सांगितलं, तिथून हे खूळ लागलं. वर्ष होऊन गेलं. पोहे पुष्कळ संपले. पूर्वजांचं विचाराल तर... ऐकाच!

*

सुरुवात झाली मेघनाच्या लेकीमुळे. इरा पाचवीत, तिला शाळेत फॅमिली ट्रीचा प्रोजेक्ट. मेघनाने पुण्याला फोन लावले, तिच्या नवऱ्याने साताऱ्याला लावले. पणजोबांपाशी गाडी जी अडली ती अडलीच.

इरा चार्ट घेऊन आली. "मम्मा, माय आयरिश फ्रेंड हॅज इलेव्हन जनरेशन्स. वी हॅव थ्री अँड अ हाफ."

"साडेतीन? अर्धी कशी गं?"

"ग्रेट-ग्रँडपा हॅज अ नेम. ग्रेट-ग्रँडमा डझंट. सो, हाफ!"

मेघना हसायला गेली, पण ते हसू काही पुरतं उमटलं नाही. पणजीचं नाव तिलाही ठाऊक नव्हतं.

*

कुलकर्णी नाशिकचे, प्लॅनिंग इंजिनियर. माणूस असा की सहलीचंसुद्धा शेड्यूल एक्सेलमध्ये! आपल्याकडच्या जुन्या जनगणनेचे जाडजूड खंड नेटवर आहेत, हे त्यांनीच शोधलं. तीन आठवडे खपून त्यांनी आपल्या गावाचं पान काढलं. घरं इतकी, पुरुष इतके, बायका इतक्या. खलास! नावं कुठेच नाहीत. माणसं मोजली, बेरीज मारली आणि दिली सोडून.

कुलकर्णींनी पुरुषांच्या आकड्यावर बोट ठेवलं. "यातला एक माझा पणजोबा. कुठला, ते सांगता येत नाही."

त्याच महिन्यात त्यांच्या कंपनीत हेडकाउंट कमी करायचं ठरलं. एचआरची मेल आली, सोबत यादी. सतरा वर्षांची नोकरी हो! आम्ही भेटायला गेलो तर घरभर खोके. वहिनी भांडी कागदात गुंडाळत बसलेल्या.

खोक्याला टेप लावत कुलकर्णी म्हणाले, "चला, आमच्या घराण्याचं नाव एका तरी यादीत आलं!"

वहिनी उठून आत गेल्या.

*

भालेराव परभणीकडचा. इंडस्ट्रियल एरियात सुपरवायझर, राहायला बरवा अल बराहाला, कामगारांच्या वसाहतीत. त्याचं एकच म्हणणं, "मला फक्त आजीचं नाव पायजे." त्याच्या पुतण्याने गावाकडच्या जुन्या रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवला. निजामाच्या काळातलं, उर्दूत! मग भालेरावने साइटवरच्या पाकिस्तानी फोरमनला गाठलं. त्याने चष्मा लावून मन लावून वाचलं.

"ये आपके दादा का नाम है, भाई. और आगे लिखा है, ज़ौजा."

"आजीचं नाव जौजा?" भालेराव आनंदाने मराठीतच ओरडला.

"नाम नहीं, भाई. ज़ौजा मतलब बीवी."

त्याने गावी आईला फोन लावला. आई म्हणाली, "मी तर सून. मला कोन सांगल? समदे तिला म्हातारीच मनायचे."

शेवटी भालेरावने वंशावळीच्या ॲपमध्ये आजीच्या रकान्यात टाइप केलं, 'म्हातारी'. ॲपने विचारलं, हे पूर्ण नाव आहे का? भालेरावने 'होय' दाबलं.

*

माझं तर विचारूच नका. एक दिवस त्याच ॲपची मेल आली, 'अभिनंदन! तुमचा नातेवाईक सापडला!' घाईघाईने उघडली, तर आमचेच हे! मला न सांगता त्यांनीही खातं काढलं होतं. खाली लिहिलेलं, 'नातं निश्चित करता आलं नाही.'

मी मोठ्याने वाचलं, तर हे सोफ्यावरून म्हणाले, "बावीस वर्षं मला तरी कुठे करता आलंय?"

*

सावंतकाका आमच्यात सगळ्यात मोठे. दुखानला तेलाच्या फील्डवर नोकरी, तिथून गाडी हाकत येतात. मूळ मालवणकडचे. त्यांचे आजोबा बोटीवर खलाशी होते. अमेरिकेच्या बंदरात उतरले ते परत आलेच नाहीत. मागे बायको आणि दोन मुलं, म्हणजे काकांचे वडील आणि तीन वर्षांची आत्या. आजी वाट बघत गेली, वडीलही गेले. आता एकटी आत्या उरलीय, ऐंशीच्या पुढची.

अमेरिकेत बहात्तर वर्षं झाली की जनगणनेची पानं खुली करतात, आणि तिथे माणसं नावानिशी असतात. मेघनाने स्पेलिंगं फिरवून फिरवून पन्नास सालची पानं धुंडाळली. सहा शुक्रवार गेले. सातव्या शुक्रवारी न्यूयॉर्कमधल्या एका खानावळीच्या पत्त्यावर आजोबा सापडले! नाव, वय, जन्म इंडियातला, काम भांडी घासायचं. सगळं जुळत होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या. काकांनी लगेच आत्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला.

रिंग वाजत असतानाच मेघनाचं बोट एका रकान्यावर थांबलं. तीनच अक्षरं होती तिथे. अर्थ होता, कधीच लग्न न झालेला. काकांनी ते वाचलं. तोवर पलीकडून फोन उचललाही होता.

"आत्ये, आजो गावलो गो!"

"खय रे?"

"अमेरिकेत. सरकारी कागदार."

पलीकडे पंखा बंद केल्याचा आवाज आला. मग आत्याने विचारलं, "काय लिवलाहा?"

काका स्क्रीनकडे बघत होते. "लगीन झालला. दोन पोरां."

"माझा नाव आसा?"

"आसा मगे."

"सुमती लिवलाहा काय सुमी? आवस सांगायची, बापूस माका सुमी म्हणायचो."

काकांनी चष्मा काढला.

"सुमी," ते म्हणाले. "सुमीच लिवलाहा."