जस्ताला काना नसतो

"मॅडम, हा चौथा नमुना काढून टाका. बाकीचे तीन छान आहेत," प्रबंध सादर करण्याआधीच्या सेमिनारमध्ये बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले. शेजारी माझे मार्गदर्शक सर मान डोलवत होते. मी सत्तेचाळीस वर्षांची, सर माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. पीएच.डी.ची मुदत एकदा वाढवून झाली होती, पुन्हा वाढण्याची आशा नव्हती. काढून टाकणं सोपं होतं. मी नाही म्हटलं.

विषय थोडक्यात सांगते, कारण आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्येही तो कुणाला कळलेला नाही. तांबं, लँथॅनम आणि ऑक्सिजन यांचं एक काळं संयुग असतं. शुद्ध असेल तर ते वीज वाहून नेत नाही. त्यातला तांब्याचा प्रत्येक अणू म्हणजे एक बारीक चुंबक, आणि ही चुंबकं एक वर, एक खाली अशी शिस्तीत उभी असतात. लँथॅनमच्या जागी थोडं स्ट्रॉन्शियम घातलं की शिस्त मोडते, आणि पदार्थ खूप थंड केला की त्यातून वीज काही अडथळा न होता वाहते. यालाच अतिसंवाहक म्हणतात. रांग मोडली तरी चुंबकांची चुळबूळ थांबत नाही. नमुना अणुभट्टीवर पाठवून, तिथल्या न्यूट्रॉनचा मारा करून ती चुळबूळ मोजायची, हे माझं काम. स्ट्रॉन्शियम जास्त झालं की अतिसंवाहकता जाते आणि ही चुळबूळही विरत जाते. माझ्या चौथ्या नमुन्यात स्ट्रॉन्शियम जास्त होतं, अतिसंवाहकता गेलेली होती, आणि चुळबूळ मात्र बाकी तिन्हींपेक्षा वरचढ.

"खलात काहीतरी भेसळ झाली असणार," परीक्षक म्हणाले.

"भेसळ हाच माझा विषय आहे, सर. पण मी ती मोजून करते."

सगळे हसले. मी हसले नाही. ती भुकटी मी अकीकाच्या खलात चारदा घोटली होती, दर वेळी तीन तास, मनगटाला पट्टा बांधून. प्रत्येक घोटण्यानंतर भट्टी. एवढं केल्यावर कुणी नुसतं बघून ती खराब ठरवावी, हे मला चालणार नव्हतं.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "मॅडम, इगो मध्ये आणू नका. एक आलेख कमी झाला तर काय बिघडतं?"

"मोजलेलं फेकायचं असेल तर कारण लागतं, सर. आवडलं नाही, हे कारण नव्हे."

त्यांनी मला एक आठवडा दिला.

मी थेट रसायनांच्या खोलीत गेले. तिथलं कपाट सांभाळणारे मामा निवृत्तीला आलेत. माझ्या पुड्यांवरची लेबलं मी मराठीत लिहिते ती त्यांच्यासाठीच. त्यांना वाचता येतात आणि हवी ती पुडी लगेच हाताला लागते.

"मामा, 'जास्त' लिहिलेली पुडी काढा. उरलेली भुकटी पुन्हा तपासायची आहे."

मामांनी पुडी तळहातावर तोलली. "उरल्याली कुठली? ही भरल्याली हाय की. ह्यातलं काय गेल्यालंच न्हाय."

"असं कसं? यातलीच अणुभट्टीवर पाठवली ना!"

"ही न्हवं. गेली ती हिकडं रिकामी पडल्या. ही बघा, जस्त. जस्ताची बाटली तुमीच माज्याकडनं न्हेलती की."

"दाखवा इकडं."

"आधी चष्मा लावा म्याडम, मग दावतो."

चष्मा लावला. रिकाम्या पुडीवर जस्त, भरलेलीवर जास्त. मध्ये फक्त एक काना. जस्ताचा नमुना पुढच्या फेरीसाठी ठेवलेला होता. अणुभट्टीवर पाठवायच्या पिशव्या मीच भरल्या होत्या आणि यादीही मीच टाइप केली होती, राजारामपुरीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये, खालच्या क्लासची पोरं सूत्रं घोकत असताना, चष्मा पर्समध्ये ठेवून. चूक शंभर टक्के माझी.

पण नमुना खराब नव्हता! जस्ताचा अणू तांब्याच्या जागी जाऊन बसतो आणि तो स्वतः चुंबक नसतो. शंभरातल्या दोन-तीन जागा त्याने घेतल्या तरी अतिसंवाहकता मरते, आणि त्याच्या भोवतालची तांब्याची चुंबकं उलट जास्तच चुळबुळायला लागतात. आलेखात नेमकं तेच होतं. मी रिकाम्या पुडीच्या तळाशी चिकटलेली भुकटी खरवडून क्ष-किरणांवर तपासली. जस्त निघालं, घातलं होतं तेवढंच.

सर खूश झाले. "उत्तम! नाव बदला, जस्त लिहा, विषय मिटला. गोंधळाचं कुणाला सांगू नका. आणि इथून पुढं लेबलं इंग्रजीत."

"गोंधळाचं प्रबंधात लिहिणार. एका ओळीत."

"परीक्षक म्हणतील, बाई निष्काळजी आहे."

"त्या दिवशी होतेच. आणि नमुना बरोबर होता. दोन्ही लिहिते."

त्याच आठवड्यात मी बाकीच्या तिन्ही पुड्याही पुन्हा तपासल्या आणि निकाल परिशिष्टात जोडले. शीर्षकातला जास्त स्ट्रॉन्शियमचा उल्लेख आणि त्यावरचं प्रकरण, दोन्ही खोडलं. तो नमुना मी मोजलेलाच नव्हता, तेव्हा त्याबद्दल बोलायचा मला हक्क नव्हता. सरांना ते प्रकरण गेल्याचं वाईट वाटलं. मलाही वाटलं, पण खोडलेलं तसंच ठेवलं.

दुसऱ्या सेमिनारमध्ये परीक्षकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "ही हवीच आहे का?"

"हवीच."

त्यांनी परिशिष्ट उलटून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि सही केली. चौथा नमुना प्रबंधात राहिला, खालच्या ओळीसकट.

लेबलं मी अजून मराठीतच लिहिते. परवा नवी पुडी दिली, त्यावर जास्तचा काना लाल मार्करने पुडीच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत ओढला होता. मामांनी ती लांब धरून बघितली.

"म्याडम, ह्यो काना आता दसरा चौकातनं दिसंल."

"दिसू दे," मी म्हटलं.