मेमसाबच्या चित्रातला गरीब माणूस

१९६४ च्या नाताळात, शारजातल्या एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यात, मेमसाबने माझ्या अंगातला सदरा कात्रीने फाडला. भर दुपारी. पाहुण्यांसमोर.

मी त्या घरचा खानसामा. गाव दापोलीजवळ. साहेब एका इंग्रज कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. मी पोचलो त्याच दिवशी त्याने माझा पासपोर्ट मागून घेतला आणि लोखंडी कपाटात ठेवला. करार संपेपर्यंत तो तिथेच राहणार होता.

बैठकीत एक विलायती चित्र टांगलेलं होतं. जुन्या चित्राची छापील प्रत. बर्फ पडतो आहे. मोठ्या घराचं दार उघडं. दारात रेशमी झग्यातली बाई आणि तिची मुलगी. पायरीखाली अनवाणी माणूस. फाटका सदरा, मान खाली. मुलगी त्याला पाव देते आहे.

हेच चित्र पाहुण्यांपुढे जिवंत उभं करायचं मेमसाबने ठरवलं. बाई ती स्वतः. मुलगी तिचीच, पाच वर्षांची. बर्फ म्हणून पिंजलेला कापूस. माणूस मी.

साहेबाचे ड्रायव्हर कासमभाई रत्नागिरीचे. सकाळी हसत म्हणाले, "नुसतं उभंच राहायचंय ना? शारजात बर्फात उभा राहणारा पहिला कोकणी तू. आणि पासपोर्ट कुणाकडे आहे ते विसरू नको."

लोकांपुढे जायचं म्हणून मी ईदचा सदरा घातला. मेमसाबने वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"टू क्लीन."

मग कात्री. आधी खांदा, मग बाही. एक पाहुणा म्हणाला, "ब्राव्हो!" तव्याची काजळी मागवून तिने माझ्या गालाला लावली. ती पूर्वी कलकत्त्याला राहिली होती. हुकूम हिंदीत सुटत होते.

"हाथ आगे. नीचे देखो. और नीचे."

मी हात पुढे केला. खाली पाहिलं. पायाखाली कापूस. मुलीने माझ्या हातावर पाव ठेवला. अजून कोमट होता. त्याचं पीठ सकाळी मीच मळलं होतं. मीच तो भाजला होता. तोच आता मला भीक म्हणून मिळत होता. लोक टाळ्या वाजवत होते.

मी मान वर केली.

"नीचे देखो," मेमसाब हळूच म्हणाली.

"ये पाव मैंने बनाया है."

मुलगी गोंधळली. "बट यू आर द पुअर मॅन," ती म्हणाली. रोज सकाळी मी तिला भरवत असे.

मी पाव तिच्या हातात परत दिला. स्वयंपाकघरात गेलो. टाळ्या थांबल्या होत्या.

संध्याकाळी साहेबाने बोलावलं. आवाज चढवला नाही. उद्या पाहुणे परत येतील. माफी मागायची, पुन्हा उभं राहायचं.

"नहीं तो?"

"नहीं तो कांट्रॅक्ट के बाद भी पासपोर्ट यहीं."

मी पासपोर्ट तिथल्या तिथे मागितला. मिळाला नाही. कामावरून काढलंही नाही. मुंबईहून दुसरा खानसामा यायला महिने लागत.

"खलास!" कासमभाई म्हणाले. "आता जाणार कुठे? एकीकडे वाळू, एकीकडे समुद्र."

"कुठेच नाही. इथेच राहीन. पण तिथे उभा राहणार नाही."

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. तीनदा हाक आली. मी गेलो नाही.

त्यानंतर वर्षभर मी त्याच घरात होतो. रांधलं, भाजलं, भांडी घासली. बैठकीत पाऊल टाकलं नाही. जेवण स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवत असे. तिथून ते मेमसाब स्वतः उचलून नेत असे.